पत्ता ज्याचा त्याला



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या सरांनी आम्हाला नववीत विज्ञान शिकवलं, आणि विज्ञानाच्याच तासाला पत्ता लिहायलाही शिकवलं. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं सरांना एक पोस्टकार्ड धाडायचं. मजकूर काहीही चालेल, पत्ता मात्र पुरा हवा. पिनकोड चुकला असेल तर सुट्टीनंतर ते कार्ड लाल खूण होऊन वर्गात आपल्याच हातात पडायचं. सर म्हणायचे, "पोस्टमन मला ओळखतो म्हणून हे पोचलं. अनोळखी माणसाच्या हातून पोचेल तो खरा पत्ता."

पिनकोडचे सहा अंक कसे वाचायचे हेही त्यांनीच दाखवलं. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो, पुढचे दोन तो प्रदेश आणखी बारीक करतात आणि शेवटचे तीन टपाल कार्यालयापर्यंत नेतात. दिल्लीत पत्र निवडणाऱ्या माणसाला आपलं गाव ठाऊक असायची गरज नाही. त्यानं ४ पाहिला की पत्र आपल्या दिशेच्या थैलीत जातं. ही रचना केली श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. संस्कृतात काव्य लिहिणारे हे मराठी गृहस्थ केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अधिकारी होते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी ती देशभर लागू झाली. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिप्यांतली पत्रं असलेल्या देशात केवळ अंकांवर विसंबून पत्र पोचवता येईल, हे त्यांना दिसलं होतं.

माझं पुढचं सगळं आयुष्य नेटवर्कच्या कामात गेलं, आणि तिथेही हेच सापडलं. फोनवरून तुम्ही फोटो पाठवता तेव्हा त्याचे शेकडो तुकडे होतात. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. वाटेत राउटर नावाची यंत्रं बसलेली असतात. ती पॅकेटच्या आत काय आहे ते पाहत नाहीत. पत्त्याचा सुरुवातीचा भाग वाचतात आणि पॅकेट पुढच्या राउटरकडे ढकलतात. पंधरावीस अनोळखी हातांतून ते पॅकेट अमेरिकेतल्या मुलीच्या फोनवर उतरतं. त्या हातांपैकी एकालाही तुमची मुलगी माहीत नसते.

हे पत्ते संपले. आज मला त्याबद्दल बोलायचं आहे: ते का संपले, त्यांच्या जागी काय आलं, आणि त्या बदलात आपल्यासारख्यांचं काय आहे.

पत्ता किती लांब असावा हा प्रश्न १९७७ च्या सुमारास व्हिंट सर्फ यांच्यापुढे आला. अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर संगणक-जाळ्यांचं संशोधन चाललं होतं आणि सर्फ त्याचे प्रमुख होते. कुणी लांबी बदलती ठेवा म्हणत होतं, कुणी १२८ बिटांचा, म्हणजे शून्य-एकाच्या १२८ घरांचा, आग्रह धरत होतं. वाद लांबला तेव्हा सर्फ यांनी ३२ बिटांवर निर्णय घेऊन टाकला. हा प्रयोग आहे, प्रयोगाला एवढं पुष्कळ, असा त्यांचा हिशेब होता. प्रयोग यशस्वी झाला, तोच जगभर पसरला, आणि प्रयोगासाठीचा पत्ता कायमचा होऊन बसला. सर्फ यांनी ही गोष्ट स्वतः अनेकदा मोकळेपणानं सांगितली आहे. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. ज्या काळात एक संगणक खोलीभर जागा घ्यायचा, त्या काळात घराघरात पाच-सात संगणक असतील, आणि त्यातले दोन-तीन खिशात, असं कुणाच्या डोळ्यांपुढे येणार होतं?

३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ पत्ते बसतात, म्हणजे जवळजवळ ४३० कोटी. सप्टेंबर १९८१ मध्ये ही पद्धत लेखी ठरली. तीच आयपीची, म्हणजे इंटरनेट प्रोटोकॉलची, चौथी आवृत्ती.

संरक्षण खात्याचं आधीचं जाळं तिच्यावर नेलं गेलं ते १ जानेवारी १९८३ रोजी. त्याचं नियोजन सर्फ यांचे सहकारी जॉन पोस्टेल यांचं. लोक टाळाटाळ करत होते, म्हणून १९८२ मध्ये जुनी पद्धत थोड्या थोड्या वेळासाठी बंद करून दाखवण्यात आली, म्हणजे मागे राहिलेल्यांना आपण मागे आहोत हे कळावं. मग ठरल्या दिवशी जुनी पद्धत कायमची बंद झाली. त्या धावपळीतून गेलेल्यांनी 'मी या बदलातून वाचलो' अशा अर्थाचे बिल्ले मिरवले. यंत्रं काहीशे होती, ती चालवणारे एकमेकांना नावानं ओळखत होते, आणि पैसा एकाच खात्यातून येत होता. एका दिवसात साऱ्या जाळ्यानं पद्धत बदलायची असं इंटरनेटच्या इतिहासात एकदाच घडलं.

आता वाटपाकडे येऊ. सुरुवातीला पत्ते मागेल त्याला मिळायचे, आणि मोठ्या संस्थांना एकेक कोटी सदुसष्ट लाखांच्या गठ्ठ्यांत. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीला १८ ने सुरू होणारे सगळे पत्ते मिळाले. ॲपलकडे १७ ने सुरू होणारे आले. स्टॅनफर्ड विद्यापीठानं आपला ३६ चा गठ्ठा २००० साली परत केला, आणि त्याबद्दल त्या विद्यापीठाचं नाव मी नेहमी आदरानं घेतो. वाटणीत कुणी लबाडी केली नव्हती. त्या वेळी आपण त्या पंगतीला नव्हतो, एवढंच. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमानं सुरू केलं. तोवर पंगत बरीच उठली होती. आज १४० कोटींच्या या देशाकडे चौथ्या आवृत्तीचे पत्ते चार कोटींच्या आसपास आहेत. अमेरिकेकडे सुमारे दीडशे कोटी आहेत. सरांच्या वर्गात हे प्रमाण फळ्यावर लिहिलं असतं तर शेवटच्या बाकावरच्या मुलानंसुद्धा विचारलं असतं की मग आपलं चाललंय कसं?

चाललं आहे ते एका युक्तीवर. मे १९९४ मध्ये ती कागदावर आली, आणि तिचं इंग्रजी लघुनाव 'नॅट' असं आहे. गिरगावातली एखादी चाळ डोळ्यांसमोर आणा. चाळीला पत्ता एकच, खोल्यांना बाहेर माहीत असलेले क्रमांक नाहीत. दारात वॉचमन बसतो. तुम्ही बाहेर पत्र धाडलंत की तो आपल्या वहीत नोंद करतो, तुमचं नाव खोडून चाळीचं लिहितो आणि पत्र पुढे देतो. उत्तर आलं की वही उघडून तुमच्या खोलीत आणून टाकतो. अशा रीतीनं शंभर बिऱ्हाडं एका पत्त्यावर नांदतात. तुमच्या घरच्या वायफायच्या डब्यात हाच वॉचमन आहे. १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे तुम्ही कधी पाहिले असतील तर ते चाळीच्या आतले खोली क्रमांक. ते गावोगावी सारखेच असतात आणि बाहेर त्यांना काही अर्थ नसतो.

या युक्तीनं इंटरनेट वाचवलं, हे मी मनापासून मान्य करतो. पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. आपण आधी पत्र धाडलं नसेल आणि बाहेरून कुणी आपण होऊन लिहिलं, तर वॉचमनच्या वहीत नोंद नसते. पत्र दारातच पडून राहतं. म्हणजे चाळीतला माणूस मागू शकतो, पण त्याच्याकडे कुणी मागायला येऊ शकत नाही. इंटरनेटच्या मूळ रचनेत प्रत्येक यंत्र घेणारंही होतं आणि देणारंही. नॅटनं जगाची दोन घरांत वाटणी केली: ज्यांना पत्ता आहे ते देणारे, ज्यांना नाही ते नुसते घेणारे. दोन शेजाऱ्यांनाही एकमेकांशी बोलायचं तर पत्ता असलेल्या तिसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बोलावं लागतं. आपले फोटो, आपली पत्रं, आपला हिशेब सगळं त्या तिसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसलं, त्यामागे इतर कारणं आहेतच. पण हेही एक आहे, आणि ते फारसं बोललं जात नाही.

पुढे तर चाळींच्याही बाहेर आणखी एक वॉचमन बसला. सेवा देणाऱ्या कंपन्यांकडे घरटी एक पत्ताही उरला नाही, तेव्हा त्यांनी शेकडो घरं एका पत्त्यामागे घातली. त्यातल्या एकानं कुठे उपद्रव केला की त्या पत्त्यावरच बंदी येते आणि बाकीच्यांना "तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा" म्हणून सिग्नलची चित्रं निवडत बसावं लागतं. गुन्ह्याचा तपास करणाऱ्यांनाही नुसता पत्ता पुरत नाही. नेमका क्षण आणि वॉचमनच्या वहीतली नेमकी ओळ लागते. २०१७ मध्ये युरोपोलनं जाहीरपणे ही पद्धत थांबवण्याची मागणी केली, त्यातली एक काळजी निरपराध माणसं संशयाच्या फेऱ्यात येण्याची होती.

खरा उपाय शोधण्याचं काम १९९२ पासूनच जोरात चालू होतं. त्या वर्षी जपानमधल्या कोबे इथे इंटरनेटच्या वडीलधाऱ्या मंडळानं एका तयार आंतरराष्ट्रीय पद्धतीचा आधार घ्यायचं सुचवलं आणि तरुण अभियंते खवळून उठले. वरून निर्णय लादायचा नाही, चालणारं काही करून दाखवा आणि मग ठरवू, ही त्यांची रीत त्या भांडणात पक्की झाली. जुलै १९९४ मध्ये या अभियंत्यांच्या टोरांटोच्या बैठकीत दिशा ठरली. डिसेंबर १९९५ मध्ये स्टीव्ह डीअरिंग आणि बॉब हिंडेन यांनी सहाव्या आवृत्तीचा मसुदा प्रसिद्ध केला. पाच हा आकडा आधीच दुसऱ्या एका प्रयोगाला दिलेला होता, म्हणून चारनंतर थेट सहा. तारखा जुळवून पाहा: आपल्याकडे इंटरनेट सुरू झालं आणि चार महिन्यांत नवा पत्ता कागदावर आला.

या पत्त्याची लांबी १२८ बिटं. किती पत्ते होतात हे सांगायला आपल्या परंपरेत सोय आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं परार्धापर्यंत जातात; परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. परार्धाला परार्धानं गुणा, आणि जे येईल त्याची ३४ हजार पट करा. तेवढे. एका घराच्या एका जाळ्याला जो तुकडा मिळतो त्यातच १८४ परार्ध पत्ते असतात. एवढे वापरायचे आहेत असं नाही. वाटप ऐसपैस करता यावं, पिनकोडसारखं पायरीपायरीनं नीट लावता यावं, आणि पुन्हा कधी मोजून मापून द्यावं लागू नये, यासाठी ही मोकळीक आहे.

मग हा बदल लगेच का झाला नाही? या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या जुन्या दूरध्वनी क्रमांकांच्या आधी २ लागला. लोकांनी वह्या दुरुस्त केल्या, विसरलेल्यांना ध्वनिमुद्रित सूचना ऐकू आली, आणि काम झालं. तिथे टेलिफोन तेच होते, शहाणपण एक्स्चेंजमध्ये होतं. पॅकेटच्या माथ्यावर मात्र पत्त्यासाठी ३२ बिटांची चौकट आखलेली आहे, आणि जगातलं प्रत्येक यंत्र तीच चौकट वाचायला शिकलेलं. तिच्यात १२८ बिटं मावत नाहीत. चौथीचंच येणाऱ्या यंत्राला सहावीचं पॅकेट वाचताच येत नाही. म्हणून दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवणं, किंवा मध्ये दुभाषी बसवणं, एवढेच मार्ग राहिले. त्यात खर्च बदलणाऱ्याचा आणि फायदा उशिरा, तोही सगळे बदलले की. असं गणित असलं की जो तो दुसऱ्याची वाट पाहतो. वीस वर्षं जवळपास तशीच गेली.

त्या वीस वर्षांत ज्यांनी वाट पाहिली नाही त्यांच्यातल्या एकाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. जपानमध्ये १९९८ साली कामे नावाचा प्रकल्प सुरू झाला. कामे म्हणजे कासव. सहावी आवृत्ती चालवणारं सॉफ्टवेअर लिहायचं आणि ते कुणालाही फुकट न्यायची मुभा द्यायची, हे त्याचं काम. त्यातला प्रमुख हात जुन-इचिरो हागिनो यांचा. सगळे त्यांना इतोजुन म्हणत. प्रकल्पाच्या संकेतस्थळावर एक कासव होतं. चौथ्या आवृत्तीनं गेलात तर स्थिर, सहाव्या आवृत्तीनं गेलात तर नाचणारं. आमच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी पहाटे तीन वाजता यंत्राशी झुंजून शेवटी ते कासव नाचताना पाहिलं आहे. मीही पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, आणि मी टाळी वाजवली. इतोजुन २००७ मध्ये गेले, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. त्यांनी लिहिलेलं अनेक संगणक-प्रणालींत आजही धावत असतं.

शिल्लक संपण्याचा दिवस मात्र ठरल्यासारखा आला. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे पाच गठ्ठे पाच खंडीय संस्थांना वाटले गेले. आशिया-प्रशांत विभागाची नेहमीची शिल्लक त्याच वर्षी १५ एप्रिलला संपली, सगळ्यांत आधी. लोक आपल्याकडे जास्त, पत्ते कमी. तिथून पत्त्यांचा बाजार उभा राहिला. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं दिवाळखोर नॉर्टेलचे ६,६६,६२४ पत्ते ७५ लाख डॉलरला घेतले. आता ॲमेझॉनच्या क्लाउडवर चौथ्या आवृत्तीचा एक सार्वजनिक पत्ता ठेवायचा तर १ फेब्रुवारी २०२४ पासून तासाला अर्धा सेंट पडतो, म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर. कधीकाळी मागेल त्याला मिळालेली गोष्ट उशिरा येणाऱ्याला विकत घ्यावी लागते. पुण्यातला एखादा मुलगा आपली छोटी सेवा सुरू करतो तेव्हा हा कर त्याच्या माथी बसतो. मला हे अन्यायाचं वाटतं.

आणि इथेच आपल्या देशानं एक अभिमानाची गोष्ट केली आहे. दूरसंचार विभागानं जुलै २०१० मध्ये सहाव्या आवृत्तीचा राष्ट्रीय आराखडा काढला. पुढची काही वर्षं हालचाल मंद होती. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओचं जाळं सगळ्यांसाठी खुलं झालं. ते कोरं करकरीत होतं, नुसतं ४जी. जुन्या पत्त्यांचा साठा हाताशी नाही आणि ग्राहक तर कोटींनी यायचे. त्यांनी प्रत्येक फोनला सहाव्या आवृत्तीचा पत्ता दिला. इतर मोबाइल कंपन्याही त्या वाटेनं आल्या. आज गूगलच्या मोजणीत भारताचा आकडा ७० टक्क्यांच्या आसपास आहे, आणि जगाचा निम्म्याच्या जवळपास. बाजारात भाजी विकणारी बाई पैसे घेते तेव्हा तिच्या फोनला बहुधा स्वतःचा पत्ता असतो, आणि तिनं त्यासाठी काहीही केलेलं नसतं. बदल उत्तम झाला की तो असाच होतो.

पण फोन म्हणजे सगळं नव्हे. निफाडजवळ माझ्या मित्राची द्राक्षबाग आहे. डावणी आणि भुरी केव्हा येणार हे हवेतल्या दमटपणावर आणि पान किती वेळ ओलं राहतं यावर असतं, म्हणून त्यानं बागेत एक छोटं हवामान केंद्र बसवलं. त्याची माहिती एका कंपनीच्या सर्व्हरवर जायची आणि तिथून त्याच्या फोनवर यायची. ऐन ऑक्टोबर छाटणीनंतर कंपनीनं ती सेवा गुंडाळली. यंत्र बागेत धडधाकट, आकडे घेतंय, पण ते बाहेर आणायला वाट नाही, कारण घरचं कनेक्शन दोन वॉचमनांच्या मागे. मित्रानं पुन्हा पहाटे बॅटरी घेऊन पानं चाचपायला सुरुवात केली. दुसऱ्या हंगामाआधी त्याच्या कनेक्शनवर सहावी आवृत्ती आली. आम्ही दोघांनी एका रविवारी बसून त्या केंद्राला पत्ता दिला, राउटरमध्ये तेवढ्याच यंत्रासाठी दार उघडलं, आणि मी पुण्याला परतल्यावर माझ्या फोनवर बागेतलं तापमान थेट वाचलं. मध्ये कुणाची ओसरी नाही. मग तोच पत्ता मी नातेवाइकांच्या घरी, त्यांच्या वायफायवर उघडायला गेलो, तर उघडेना. त्यांच्याकडे सहावी आवृत्ती पोचलेलीच नव्हती. अर्धवट बदल म्हणजे काय हे त्या दिवशी माझ्या हाताला लागलं.

"दार उघडलं" म्हटल्यावर कुणाच्या मनात भीती येईल, आणि ती रास्त आहे. वॉचमन होता म्हणून चोर आत येत नव्हते, आता प्रत्येक खोलीला पत्ता दिलात तर? याचं उत्तर असं की राखण करणं हे वॉचमनच्या वहीचं काम नव्हतंच. ते फायरवॉलचं काम आहे, आणि ती सहाव्या आवृत्तीतही तशीच असते. घरचे चांगले राउटर बाहेरून आलेलं अनाहूत पॅकेट आपण सांगेपर्यंत अडवतात. फोनवर मोबाइल कंपन्याही बरेचदा अडवतात. दुसरी भीती माग काढला जाण्याची. सुरुवातीच्या रचनेत यंत्राचा कायमचा क्रमांकच पत्त्याच्या शेपटीत यायचा, म्हणजे तुम्ही कुठेही गेलात तरी ओळखू या. टीका झाली, आणि २००१ मध्ये ठरावीक काळानं बदलणारी शेपटी वापरायची पद्धत आली. तुमच्या फोनमध्ये आज तीच आहे.

मला काळजी आहे ती दुसऱ्या टोकाची. घेणारे मोठ्या संख्येनं सहाव्या आवृत्तीवर पोचले. देणारे मागे आहेत. अनेक महाविद्यालयं, बँका, नगरपालिका यांची संकेतस्थळं अजून फक्त चौथीचंच बोलतात. फोन तिथे जातो तेव्हा मध्ये दुभाषी बसवून काम भागवलं जातं, आणि भागतं म्हणूनच कुणी तक्रार करत नाही. जुनी पद्धत १९८३ सारखी एका तारखेला बंद होणार नाही. ती हळूहळू महाग होत जाईल, आणि ती महागाई आधी कुणाला जाणवेल हे सांगायला नको.

शेवटी याच वास्तूबद्दल. सरांनी वीस वर्षं या वाचनालयाचं चिटणीसपद सांभाळलं. त्यांनी जपलेली हस्तलिखित मासिकं गेल्या वर्षी आपल्या कार्यकर्त्यांनी पानापानानं स्कॅन केली, आणि ती खालच्या वाचनकक्षातल्या संगणकावर आहेत. ती इथूनच, आपल्याच संगणकावरून, जगाला वाचता यावीत अशी ग्रंथपालांची इच्छा आहे. व्याख्यानाआधी मी इथलं वायफाय तपासलं. सहावी आवृत्ती नाही, आणि चौथीचा सार्वजनिक पत्ताही नाही. राउटर मात्र नवा आहे, त्याच्यात सगळी सोय आहे. सेवा देणाऱ्यानं तिकडून चालू करायची तेवढी बाकी आहे. काय मागायचं ते मी एका चिठ्ठीवर लिहून दिलं आहे, आणि ग्रंथपालांनी सोमवारी फोन करायचं कबूल केलं आहे. ज्यांच्या ओळखीत ही सेवा देणारं कुणी असेल त्यांनी जाताना त्यांना भेटावं. चिठ्ठी त्यांच्या टेबलावर, पेपरवेटखाली आहे.